नेलपॉलिशची रेघ

रायपूरच्या गुढियारीत अंजनाबाईचं घर कोणालाही विचारा, माणूस आधी हसेल आणि मग रस्ता सांगेल. हसेल ते तिच्या तोंडामुळे. बाई एकदा सुरू झाली की समोरच्यानं गुमान निघून जावं, नाहीतर त्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार ठरलेला. दूधवाला पाणी घालतो, नळावरच्या बाया रांग मोडतात, गॅसवाला टाकी हलकी देतो. सगळं जग आपल्याला लुटायलाच निघालंय, अशी तिची पक्की खात्री. आणि खरं सांगायचं तर जगानं तिला लुटलंही होतं पुष्कळदा. त्यामुळे तिला नुसती खोटी म्हणून सोडून देता येत नव्हतं.

हवेचं मात्र तिला लहानपणापासून कळत होतं. तिचा बाप भंडाऱ्याकडून पोट भरायला रायपूरला आला आणि मालगोदामाच्या रस्त्यावर टपरी टाकून सायकली दुरुस्त करत बसला. त्याला ही एकच पोट्टी. शाळेत कमी आणि टपरीत जास्त. पंप मारताना त्याची नळी तापते, हे तिला अक्षरं यायच्या आधी समजलं, कारण हात चांगला पोळला होता.

"बा, हे काहून तापलं?" तिनं विचारलं.

"इतली सारी हवा तू इतल्याशा जागेत कोंबून राहिली. मग ते तापंल नाई तर काय करंल?" बाप म्हणाला, आणि तिच्या बोटांवर थंड पाणी ओतलं.

उन्हाळ्यात बाप टायरमध्ये जरा कमीच हवा भरायचा. अंजना गिऱ्हाइकाच्या मागे ओरडायची, "भैया, धूप में मत रखना, ट्यूब फट जाएगा!" हिवाळ्यात तक्रार उलटी. सकाळी सकाळी कोणीतरी कुरकुरत यायचा, की रात्री कुण्या बदमाशानं माझ्या सायकलची हवा काढली. तेव्हा ही फ्रॉकातली पोट्टी कमरेवर हात ठेवून त्याला सुनवायची, "किसी ने नहीं निकाली. ठंड में हवा सिकुड़ती है. धूप में रखो, वापस आ जाएगी." माणसं हसायची आणि बाप कौतुकानं मान हलवायचा. थंडीत हवेचा जोर उतरतो आणि उन्हात चढतो, एवढं तिला तेव्हापासून माहीत होतं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळा घोटाळा इथेच झाला.

त्याच टपरीवर पंक्चर काढायला यायचा हिरालाल. मालगोदामात हमाल होता. वॅगन लागली की सिमेंटची पोती उतरवायची, नाकाला फडकं बांधायचं आणि संध्याकाळी भुतासारखं पांढरं होऊन घरी जायचं. त्याचा जोडीदार जागेश्वर. एकानं पोतं उचलायचं, दुसऱ्यानं पाठ द्यायची, असा दोघांचा जन्म गेला. चौदा एप्रिलच्या रॅलीत पाऱ्याचा, म्हणजे मोहल्ल्याचा, निळा झेंडा हे दोघं धरायचे आणि नंतर वस्तीच्या जेवणात भाजीचं घमेलंही हेच दोघं वाढत फिरायचे. अंजनाबाईचं हिरालालशी लग्न झालं तेव्हा वरातीत सगळ्यात जास्त नाचला तो जागेश्वर. पुढे हिरालालच्या मुलाला, संघर्षला, जागेश्वरची दीपमाला दिली, तेव्हा तर दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना व्याही म्हणायलाच नकार दिला. "आता काय नवीन झालं?" जागेश्वर म्हणायचा. "पोतं तेच, फकत घर बदललं."

त्या पोत्यांनी दोघांचीही छाती खाल्ली. आधी हिरालालची, मग मागोमाग जागेश्वरची. हिरालालला आता अंथरुणावरून उठून बाहेरच्या खोलीत यायचं म्हणजे डोंगर चढल्यासारखं व्हायचं. दीपमाला समता कॉलोनीत एका डॉक्टरकडे रिसेप्शनवर होती. तिनंच खटपट करून सासऱ्यासाठी मशीन मिळवलं. हवेतून प्राणवायू ओढून नाकातल्या नळीत सोडणारं, दिवसरात्र घरघरणारं मशीन. पण मशीनला लाइट लागते, आणि गुढियारीत लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही. म्हणून सोबत एक सिलेंडरही आणला. काळं अंग, पांढरी मान, डोक्यावर चावीनं उघडायचं तोंड आणि बाजूला काट्याचं गोल घड्याळ. काटा वर म्हणजे गॅस भरपूर, काटा खाली म्हणजे संपत आला. नळी कशी जोडायची, चावी किती फिरवायची, हे घरात फक्त दीपमालाला धड जमत होतं. संघर्ष शहराबाहेर उरला वसाहतीतल्या कारखान्यात पाळी करायचा, तो घरी असला तर झोपलेला असायचा.

सिलेंडर देणाऱ्यानं बजावलं होतं, आग जवळ नको. आता अंजनाबाईच्या घरात बुद्धाच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे रोज संध्याकाळी मेणबत्ती लागायची. ती काय बंद करायची? ते तिला सोसणारं नव्हतं. म्हणून सिलेंडर अंगणात गेला, पश्चिमेकडच्या टिनाच्या पत्र्याला टेकून, साखळीनं बांधून. सकाळी तिथे गारठा आणि दुपारनंतर उन्हाचा मारा. हाही एक योगच म्हणायचा, आणि वाईट योग.

एका दुपारी हिरालालला जेवू घालून अंजनाबाई अंगणात आली. बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, ह्या सिलेंडरवर काहीतरी खूण पाहिजे. कोणी हात लावला तर कळलं पाहिजे ना! तिनं चावी फिरवली, काटा कुठे थांबतो ते पाहिलं, आणि घड्याळाच्या काचेवर बरोबर तिथेच दीपमालाच्या नेलपॉलिशची लाल रेघ ओढली. मग चावी बंद केली आणि निवांत झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ यायच्या वेळी ती उठली. पौषातली थंडी, तोंडातून वाफ निघत होती. बादली लावून तिनं सहज चावी उघडून पाहिली. काटा रेघेच्या खाली! चांगला नखभर खाली. लाइट गेली नव्हती. सिलेंडर कोणी जोडला नव्हता. मग गॅस गेला कुठे?

कोणी म्हणेल, अहो, तुमच्या बापाच्या टपरीवर हेच तर रोज घडायचं! पण अंजनाबाईला टपरी आठवली नाही. तिला आठवला चोर. आयुष्यभर तीच सवय, त्यामुळे चोर तिला लगेच आठवायचा.

आणि चोर तरी कोण? त्याचंही उत्तर तयार होतं. जागेश्वरची छाती थंडीनं फार बिघडली होती. त्याला मशीन मिळालं नव्हतं, सिलेंडर नव्हता, सरकारी दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहत तो घरीच धापा टाकत होता. दीपमाला रोज पहाटे उठून चहाचा डबा घेऊन बापाकडे जायची, त्याला शेकून, पाजून मग कामावर. दोन गल्ल्या ओलांडल्या की त्याचं घर. चावी फिरवता येते कोणाला? तिला. पहाटे अंगणातून जातं कोण? तीच. अंजनाबाईनं हिशेब मांडला आणि तो तिला अगदी बरोबर वाटला.

पण बोलली नाही. पाळत ठेवली. रोज पहाटे नळाच्या वेळी चावी उघडून पाहायची. काटा तिथेच, रेघेच्या खाली. 'सावध झाली सटवी,' ती मनात म्हणायची. मग एका रात्री थंडीचा कडाका वाढला, वस्तीतल्या पोरांनी शेकोट्या पेटवल्या, आणि त्या पहाटे काटा आणखी उतरलेला दिसला. अरे, दुपारी एकदा, फक्त एकदा जरी उठून पाहिलं असतं! पण दुपारी ती हिरालालच्या उशाशी डुलक्या घ्यायची. चोरी पहाटे होते म्हटल्यावर दुपारी कशाला पाहायचं?

त्याच पहाटे दीपमाला अंगणातून निघाली. अंगावर शाल, शालीखाली काहीतरी गुबगुबीत. अंजनाबाईनं झडप घालून शाल ओढली. आत रबरी पिशवी होती, टम्म फुगलेली.

"हे काय हाये?"

"आई, गरम पाणी हाये. बाच्या छातीले शेक द्यायला."

"पाणी? पाणी त्यांच्या घरी नाही तापत?"

"तिथला सैपाकाचा गॅस संपला हाये. आई, सोडा ना, थंड होऊन राहिलं..."

"गॅस संपला, म्हणून आमचा गॅस भरून नेऊन राहिली का?" अंजनाबाई अशी ओरडली की शेजारच्या दाराच्या कड्या वाजल्या. "मी रेघ मारून ठेवली होती! तुह्याच नेलपॉलिशनं मारली! रोज काटा खाली येऊन राहिला. माह्या नवऱ्याचा श्वास तू त्या पिशवीत भरून तुह्या बापाले पाजते? लाज नाही वाटत?"

दीपमाला आधी समजलीच नाही. समजली तेव्हा तिनं पिशवीचं बूच उघडलं आणि सासूसमोर उलटी केली. वाफा निघणारं पाणी अंगणभर सांडलं. शेजारच्या बाया पाहत होत्या.

"पाहा. पाणीच होतं."

"आजचं पाणी होतं. कालचं काय होतं?"

"आई, मले पाहिजे असतं तर मी मागितलं असतं. चोरलं नसतं," दीपमाला म्हणाली. अंजनाबाईनं हात उडवला. एवढ्यात संघर्ष डोळे चोळत बाहेर आला. त्याला मराठी सगळी समजायची, पण बोलायचा हिंदीच.

"मम्मी, सुबह-सुबह क्या लगा रखा है? छोड़ो ना." आणि बायकोकडे वळून, "तुम भी थोड़ा पूछ के जाया करो ना यार."

एवढंच. बायकोनं चोरी केली नाही, हे चार शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. त्याला फक्त झोप हवी होती. दीपमाला रिकामी पिशवी घेऊन निघून गेली. अंजनाबाईनं सिलेंडरची चावी काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

दुसऱ्या दिवशी संघर्ष सकाळच्या पाळीला गेला होता. नुकतं उजाडलेलं, धुकं अजून वस्तीमागच्या रुळांवर बसलेलं. दीपमाला गल्लीतून पळत आली, पायात चप्पल नाही.

"आई, सिलेंडर द्या! बा निळा पडून राहिला. दवाखान्याच्या गाडीले फोन केला, येऊन राहिली म्हणतात, पण तोवर... थोडा वेळ द्या फकत, मी लगेच परत आणते. माह्या काकाचा पोरगा ठेला घेऊन बाहेर उभा हाये."

अंजनाबाई दारात आडवी उभी. तिच्या मनात काय चाललं होतं, ते सांगतो. तिला जागेश्वर दिसत होता, वरातीत नाचणारा. तो दिसतच नव्हता असं नाही. पण त्याच्या पुढे दिसत होता तो काटा, रोज उतरणारा. आणि त्याच्याही पुढे हिरालाल, लाइट गेल्यावर मासोळीसारखं तोंड उघडणारा.

"लाइट गेली तर ह्यांचं काय करू मी?"

"आता लाइट आहे ना, आई! मशीन चालू आहे ना!"

"आता हाये. मग जाईल तेव्हा? आधीच तू अर्धा नेला..."

"मी नाही नेला!" दीपमाला किंचाळली आणि मग एकदम खाली बसली. तिनं सासूचे पाय धरले. "बरं, मी नेला. मी चोर हाये. मले काय म्हणायचं ते म्हणा. पण चावी द्या, आई. तुमच्या पाया पडते. माह्या बापाले चावी द्या."

खोटं कबूल केलं पोरीनं, बापासाठी. आणि अंजनाबाईचं काळीज हललं का? हललं ना, पण भलत्याच बाजूला. 'पाहा,' तिला वाटलं, 'अखेर कबूल झाली.' पदराची गाठ तिनं मुठीत आणखी घट्ट धरली.

आतून ठण्ठण् आवाज येऊ लागला. हिरालाल पलंगाच्या लोखंडी दांडीवर स्टीलचा गिलास आपटत होता. बोलायला श्वास नव्हता, पण ऐकू सगळं येत होतं. अंजनाबाई आत गेली. त्यानं नाकातल्या नळीसकट मान उचलली होती आणि हातानं बाहेर दाखवत होता. दे. दे त्याला.

"हव, हव. दिला," ती म्हणाली. "नेला पोट्टीनं. तुम्ही पडा."

त्यानं गिलास खाली ठेवला आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर केवढं समाधान आलं त्याच्या! ती बाहेर आली तेव्हा अंगणात कोणी नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी रिकामा ठेला खडखडत जात होता.

गाडी आली म्हणतात, आली ती जरा उशिरा. जागेश्वर दवाखान्याच्या दारापर्यंत पोचला, आत गेला नाही. सिलेंडर दिला असता तर वाचला असता का? कोण सांगणार? कदाचित नसता वाचला. छाती आतून दगड झाली होती त्याची. पण दिला नाही, हे तर झालं. त्याला काय करायचं?

दीपमाला परत आली नाही. माहेरीच आपल्या आईजवळ राहिली. संघर्ष जाऊन बसायचा तिथे, चहा पिऊन यायचा. जागेश्वरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाऱ्यातले सगळे जमले, भंतेजींनी वंदना घेतली, अंजनाबाई मागच्या रांगेत बसली. तिच्या बाजूची सतरंजी रिकामीच राहिली. कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं; भांडण कसं करायचं ते तिला येत होतं.

घरी आल्यावर हिरालालनं विचारलं, एकेक शब्द धापेत ओढत, "जाग्या... शेवटी... त्रास नाही ना झाला?"

"नाही," ती म्हणाली.

पुढच्या दिवसांत ऊन छान पडायला लागलं. त्यातल्या एका दुपारी तिला वाटलं, लाइटचा काही भरवसा नाही, गॅस किती उरला ते तरी पाहावं. अंगणात गेली, पदराची गाठ सोडली, चावी लावून फिरवली. काटा वर चढला, चढत गेला आणि बरोबर लाल रेघेवर जाऊन थांबला.

ती घाबरली. खरंच घाबरली. पहिला विचार काय आला माहीत आहे? कोणीतरी गॅस परत आणून भरला! पण चावी तर तिच्या पदरात होती, रात्रंदिवस. तिनं सिलेंडरला हात लावला आणि चटकन मागे घेतला. काळं अंग उन्हात चांगलंच तापलं होतं. मागचा पत्राही तापला होता.

हात पोळला, आणि मग टपरी आठवली. पंपाची गरम नळी. बापानं बोटांवर ओतलेलं पाणी. कुरकुरणारं गिऱ्हाईक. आणि ती स्वतः, फ्रॉकात, कमरेवर हात ठेवून: किसी ने नहीं निकाली. धूप में रखो, वापस आ जाएगी.

ती तिथेच तापल्या फरशीवर बसली. तिला कोणी फसवलं नव्हतं हो! हे तिला माहीत नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं, शिकली नव्हती, असं काही म्हणता आलं असतं तर केवढा आधार झाला असता. पण तिला माहीत होतं. बाकी काही नाही तरी एवढं माहीत होतं. परक्या माणसांना ती हे हसत हसत सांगायची, आणि घरच्या पोरीच्या वेळी एकदाही ओठांवर आलं नाही. तेव्हा तिला चोर हवा होता, हवा नको होती.

त्यानंतर ती पहाटेही पाहू लागली आणि दुपारीही. पहाटे काटा उतरायचा, दुपारी चढायचा. आतला गॅस तेवढाच. कोणाचा हात नाही, कोणाची पिशवी नाही. हिरालाल विचारायचा, "सारखी अंगणात काहून जातेस?" ती म्हणायची, "कपडे वाळले का पाहायला." आणि कोणाला म्हणून सांगितलं नाही. संघर्षलासुद्धा नाही. सांगायला गेली की जिनं उभ्या गुढियारीला गप्प केलं होतं, ती बाई गप्प व्हायची.

एका रविवारी दुपारी दीपमाला आली. मोठी बॅग घेऊन आली होती. तिनं सासूकडे पाहिलं नाही, सरळ कपाट उघडून आपले कपडे काढायला लागली. अंजनाबाई दाराशी घुटमळली. मग तिनं पोरीचं मनगट धरलं आणि ओढतच अंगणात आणलं.

"पाह्य," ती म्हणाली. तिनं चावी फिरवली. "पाह्य ना, काटा वापस आला. रेघेवर आला. कोणीच नव्हता घेतला. उन्हानं चढते आणि थंडीनं उतरते, बाई. माह्या बापाच्या दुकानात मी रोज... मले मालूम होतं वं हे. मले मालूम होतं..."

दीपमालानं काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी घेतला नाही, हे मलेही आधीपासूनच मालूम होतं, आई," ती म्हणाली. "मले कशाले दाखवता?"

अंजनाबाईला वाटलं होतं ती रडेल. शिव्या देईल. हात उचलला असता तरी चाललं असतं. पण पोरीच्या आवाजात काहीच नव्हतं, आणि ते फार वाईट होतं. दीपमाला मनगट सोडवून आत गेली आणि साड्यांच्या घड्या बॅगेत ठेवू लागली.

तेवढ्यात लाइट गेली.

मशीनची घरघर थांबली की त्या घरात असा सन्नाटा व्हायचा की कानात दडे बसायचे. पलंगावरून हिरालालचा घशातला आवाज आला. अंजनाबाई अंगणात धावली, साखळी सोडायला गेली, ती अडकली, बोटं चालेनात. "चावी... नळी कुठं..." ती स्वतःशीच बडबडत होती. चावी तिच्याच हातात होती.

दीपमालानं हातातली साडी टाकली. ती आली, साखळी सोडली, सिलेंडर तिरपा करून बुडावर फिरवत पलंगापाशी नेला. मग सासूपुढे हात पसरला. अंजनाबाईनं चावी दिली. पोरीनं नळी जोडली, चावी फिरवली, बुडबुड्याची पाण्याची बाटली नीट लावली, सासऱ्याच्या नाकातली नळी सरळ केली. त्या सकाळी दोन गल्ल्या पलीकडे हे एवढंच लागत होतं.

हळूहळू हिरालालच्या ओठांचा रंग परत आला. त्यानं डोळे उघडले, सुनेला पाहिलं आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, "पोरी... तुह्या बाले बी... असंच लावून दिलं होतं ना?"

अंजनाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं, आता पोरगी बोलेल. आता सगळं सांगेल, आणि सांगावंच तिनं.

दीपमालानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग खाली वाकून सासऱ्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

"हव, बाबा," ती म्हणाली. "आईनंच काढून दिला होता."

हिरालाल हसला. "वाटलंच मले," तो म्हणाला, आणि निवांत डोळे मिटून पडला. दीपमालानं काटा पाहून घेतला, अजून पुष्कळ वेळ पुरेल असं सांगितलं, आणि बॅगेची चेन लावून ती निघाली. चावी तिनं सिलेंडरवरच लावून ठेवली होती.